कूलरच्या मुलखातून भरतीच्या वाटेवर

“आम्हाला उन्हाचं काय सांगता?” असं परभणी-नांदेडकडचा कुणीही म्हणेल, आणि त्याचं काही चुकत नाही. ४२ अंशांत शेतात राबणाऱ्या माणसाला ३२ अंशांचं कोकण म्हणजे गारवाच वाटणार. पण पाठीवर बोजा घेऊन चार-पाच दिवस किनाऱ्याकिनाऱ्यानं चालायचं ठरवलं, की हा भरवसा पहिल्याच दुपारी दगा देतो.

कारण साधं आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालतो, तोच कूलर रत्नागिरीत नेऊन ठेवला तर खोली नुसती दमट होते. कूलरच्या गवतातलं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं, पण त्यासाठी हवा कोरडी लागते. आपलं शरीरही याच तत्त्वावर चालतं. घाम येण्यानं अंग गार होत नाही, घाम वाळण्यानं होतं.

हा फरक आकड्यात पकडता येतो. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला, की पारा जिथवर उतरतो त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. घाम वाळवून शरीराला किती गारवा मिळू शकेल, याची ती तळाची पातळी समजा. मे महिन्यातल्या लातूरची दुपार घेऊ: ४२ अंश तापमान, १५ टक्के आर्द्रता. वेट बल्ब येतं सुमारे २२ अंश. आता कोकणातली ३२ अंशांची, ७५ टक्के आर्द्रतेची दुपार घ्या. तिथं ते येतं २८ च्या आसपास. आर्द्रता ६० टक्क्यांवर आली तरी ते जवळपास २६ असतं, म्हणजे लातूरच्या मे महिन्याहून वरच. याचा अर्थ आपला उन्हाळा सोपा असा मुळीच नाही. हवा कातडीपेक्षा तापलेली असते तेव्हा ती उलट आपल्यालाच उष्णता देते, आणि घाम दिसण्याआधीच वाळून जात असल्यानं पाणी किती गेलं हे कळतही नाही. पण आपल्या अंगाला जी सवय आहे ती वाळणाऱ्या घामाची आहे.

पाठीवर बोजा घेऊन झपाझप चालणारं शरीर साधारण ४०० वॅट उष्णता तयार करतं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. हिशेब मांडला तर तासाला ६०० मिलिलिटर घाम वाळायला हवा. दमट हवेत निम्मा घाम थेंब होऊन खाली गळतो, आणि गळालेल्या थेंबाचा गारव्यासाठी काडीचा उपयोग नाही. तेवढाच गारवा मिळवायला शरीर मग सव्वा लिटरच्या आसपास घाम काढतं. पाणीही गेलं आणि मीठही.

म्हणून तयारीची सुरुवात बॅगेपासून नको, अंगापासून करावी. रोज तास-दीड तास उन्हात चाललं, की दहा-चौदा दिवसांत शरीर बदलतं. रक्तातलं द्रव वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं, कारण घामाच्या ग्रंथी ते परत शोषून घ्यायला शिकतात. गंमत अशी, की किनाऱ्यावर जायचे चांगले महिने डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि नेमकं तेव्हाच मराठवाड्यात आपण स्वेटर घालून शेकोटीला बसलेले असतो. मे महिन्यात कमावलेली सवय तोवर केव्हाच ओसरलेली असते. ती दोन-तीन आठवडेच टिकते. तेव्हा निघण्याच्या आधीचे दोन आठवडे भर दुपारी, पाठीवर वजन घेऊन चालावं. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं.

पिण्याच्या पाण्याबाबत एक चूक हमखास होते. घाम जातोय म्हणून लोक नुसतं पाणी ढोसत राहतात. त्यानं रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, पुढं माणूस बरळायला लागतो, आणि बरोबरचे त्याला ऊन लागलं समजून आणखी पाणी पाजतात. ओआरएसची पाकिटं इथं खरी कामाची. एका लिटरच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं, म्हणून साखर-मिठाचं हे प्रमाण जपावं लागतं. पाकिटाचे अंदाजानं दोन भाग करू नयेत.

आता विहिरीचं पाणी. इथं आपली जन्माची समजूत उलटी करावी लागते. मराठवाड्यात पाणी आटलं की बोअर आणखी खोल न्यायचा. किनाऱ्यावर खोल गेलं की खारं पाणी लागतं. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते किंचित हलकं असतं. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जास्त. तेवढ्या फरकामुळं समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. घायबेन आणि हर्झबर्ग या दोन संशोधकांच्या नावानं हा नियम ओळखला जातो. उपसा वाढून वरची पातळी एक हात उतरली, की खालून खारं पाणी ४० हात वर चढतं. म्हणून पुळणीलगतच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यालगतच्या, वाडीतली उथळ, जुनी, बेतानं वापरली जाणारी विहीर गोडी असते. तिथं विचारून पाणी भरून घ्यावं आणि उकळून किंवा क्लोरिनचे थेंब टाकून प्यावं. वरच्या कातळाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, मात्र पाण्याची आशा ठेवू नये. कोकणात ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी जांभ्याचा सडा हिवाळ्यातच कोरडा ठाक होतो. सड्यावर चढण्याआधी माणशी तीन लिटर तरी बरोबर हवं.

आणि समुद्राचं पाणी? त्यात लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली मूत्रपिंडं एवढं घट्ट मूत्र करू शकत नाहीत. प्यालेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी ते मीठ बाहेर टाकण्यातच जातं.

या सगळ्याच्या वर एक गोष्ट आहे, आणि मला विचाराल तर तीच सगळ्यांत मोलाची. किनाऱ्याची वाट तारखेवर ठरवू नका, तिथीवर ठरवा. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये भरतीचं वेळापत्रक छापलेलंच असतं, फक्त समुद्र जवळ नसल्यानं आपण ते त्या नजरेनं बघत नाही.

चंद्र पृथ्वीभोवती पुढं सरकत असतो, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका रेषेत येऊन ओढतात, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास त्यांची ओढ काटकोनात पडते, तेव्हा भांगाची भरती, म्हणजे चढ-उतार कमी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा जुना हिशेब आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मुंबईकडे तो ठीक जमतो, दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. हा अंदाजच, अचूक वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघावी.

आता यातून काय निघतं बघा. पौर्णिमेला भरती दुपारी अकरा-बाराला, म्हणजे पूर्ण ओहोटी पहाटे पाच-सहाला आणि परत संध्याकाळी. गार वेळी पुळण रुंद आणि वाळू घट्ट, तर उन्हाच्या कडाक्यात समुद्र वर चढलेला आणि आपण सुरूच्या झाडांच्या सावलीत आडवे. दुसऱ्या दिवशी ओहोटी तासभर पुढं सरकते, चतुर्थीला ती सकाळी आठ-साडेआठला येते. तिथवर सकाळचं चालणं छान जमतं. त्यानंतर दिवसागणिक भरती पहाटेकडं आणि ओहोटी भर दुपारकडं सरकते, आणि वेळापत्रक उलटं पडतं. थोडक्यात, पौर्णिमेला निघा, संकष्टीला परता. आणि उन्हातला सराव आधीच्या अमावास्येला सुरू करा, म्हणजे चौदा दिवस बरोबर भरतात.

उधाणाच्या दिवसांचा धोकाही सांगायला हवा. भरती एकसारख्या वेगानं चढत नाही. सहा तासांतले पहिला आणि शेवटचा तास मंद असतात, मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं. समजा एकूण चढ दोन मीटर आहे आणि पुळणीचा उतार पन्नासात एक. तर त्या दोन तासांत पाणी एक मीटर वर येतं आणि ५० मीटर रुंद वाळू गिळतं. दोन पुळणींच्या मध्ये खडकाचं टोक असेल, तर पायथ्याशी असलेली वाट बघता बघता बंद होते, मागं कडा आणि पुढं लाट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या हेदवीची बामणघळ भरतीच्या वेळी बघितली की खडकाच्या चिरेत शिरलेलं पाणी किती जोरानं उसळतं हे कळतं. टोकाला वळसा घालायचा तर ओहोटी उतरत असतानाच घालावा. वेळ चुकली तर वरून, सड्यावरून जावं.

चालण्याची वाळू निवडणंही शिकावं लागतं. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली मोजून दाखवलं, की कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालायला कडक जमिनीच्या २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते. आता ओहोटीच्या रेषेजवळच्या ओल्या वाळूवर पाऊल ठेवून खाली नीट बघा. पावलाभोवतीची वाळू क्षणभर फिकी, कोरडी पडते, आणि पाय उचलला की तिथं पाणी साचतं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ साली याचं कारण सांगितलं. घट्ट बसलेल्या कणांवर दाब आला की ते एकमेकांवर चढू पाहतात, त्यांच्यातल्या फटी रुंदावतात आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. ते ओढलं जात असतं तोवर कण एकमेकांना आवळून धरतात, म्हणून तिथली वाळू पायाखाली दगडासारखी लागते. चालायचा पट्टा तोच. फक्त तो समुद्राकडं कललेला असतो, एकच पाय सतत खाली पडून गुडघा दुखतो. थोड्या थोड्या वेळानं वरच्या सपाट पट्ट्यावर येत जावं. सरावाला गोदावरी-मांजरेचं वाळूचं पात्र चांगलं, मात्र उपशाचे खड्डे सांभाळून.

पायांची काळजी वारीला जाणाऱ्यांना शिकवायला नको. पण दिंडीत सामान ट्रकवर असतं, इथं पाठीवर. आणि भिजलेल्या कातडीवर खारट वाळूचा कण घासला की फोड यायला तास पुरतो. थांबलं की बूट-मोजे काढून पाय गोड्या पाण्यानं पुसावेत, वाळवावेत. खाण्यात धपाटे-दशम्या पहिल्या दिवसापुरत्याच, त्या दमट हवेत लवकर बुरसतात. कडक भाकरीही ओल धरते, तेव्हा ती हवाबंद पिशवीत. शेंगदाणे आणि गूळ यांच्या तोडीचं दुसरं काही नाही. १०० ग्रॅम दाण्यांत ५६० च्या वर कॅलरी असतात.

खाडी पायी ओलांडायचा मोह होईल. वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथं फेरीबोट आहे, लहान खाड्यांवर होडी मिळते. तीच धरावी. ओहोटीचा प्रवाह समुद्राकडं ओढतो, आणि पाणी सर्वांत खाली गेल्यावरही खाडीतली धार काही वेळ बाहेरच वाहत राहते.

पोहण्याबद्दल कळकळीनं सांगतो. आपण विहिरीत पोहायला शिकलेली माणसं. विहिरीचं पाणी स्थिर असतं, काठ चार हातांवर असतो. समुद्रात लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला एखादी अरुंद वाट शोधतं, आणि त्या वाटेवर लाटा कमी फुटतात. नवख्याला नेमकी तीच जागा शांत आणि सुरक्षित वाटते. तिथला परतीचा प्रवाह कधी कधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो, त्याला समोरून कुणीही हरवू शकत नाही. सापडलात तर किनाऱ्याकडं झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करा, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला व्हा, मग फुटणाऱ्या लाटांबरोबर आत या. आकाश निरभ्र असलं तरी दूर दक्षिणेकडच्या वादळातून निघालेल्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्यांचे इशारे देते. निघायच्या आदल्या रात्री आणि वाटेत रोज सकाळी ते बघावेत, आणि लाल इशारा असेल त्या दिवशी गावात मुक्काम वाढवावा.