ब्रॉयलरच्या पाण्यात पानांचा अर्क आला कुठून?

इंदूर-महू पट्ट्यातल्या आपल्या शेडवाल्यांना कडुनिंब, तुळस, शेवगा, भुईआवळा ही नावं नवी नाहीत. घरच्या चार कोंबड्यांना काढा पाजणं पूर्वापार चालत आलंय. पण ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या, पाण्याच्या टाकीत बाटलीतला अर्क ओतला जातो, त्यामागे आजीच्या बटव्यापेक्षा अँटिबायोटिकचा इतिहास जास्त आहे.

1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत स्टोकस्टॅड आणि ज्यूक्स हे शास्त्रज्ञ बी-12 जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक तयार करताना उरलेला चोथा त्यांनी पिलांना खाऊ घातला आणि पिलं अपेक्षेपेक्षा भराभर वाढली. 1951 पासून तिथे खाद्यात थोडं थोडं अँटिबायोटिक घालायला मुभा मिळाली, आणि पुढे जगभर ती रीतच पडली. आजारी नसलेल्या पक्ष्याला रोज औषध! त्यातून औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात, हा इशारा ब्रिटनच्या स्वान समितीने 1969 मध्येच दिला होता. स्वीडनने 1986 मध्ये वाढीसाठीचा वापर थांबवला, युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून. आपल्याकडे कोलिस्टिनवर बंदी आली 2019 मध्ये. माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध कोंबडीला द्यायचं नाही, हे मला अगदी योग्य वाटतं.

अँटिबायोटिकच्या मोकळ्या झालेल्या जागेत प्रोबायोटिक (पोटाला उपयोगी जिवंत जंतू) आली, सेंद्रिय आम्लं आली आणि पानंही. ती पाण्यातूनच का? आजारी पक्षी खाणं सोडतो, पाणी मात्र पीत राहतो. एरवीही तो खाद्याच्या जवळपास दुप्पट पाणी पितो. इंदूरच्या मे महिन्यात तर चारा कमी आणि पाणी जास्त.

अडचण आहे ती प्रमाणाची. गोळीतलं औषध मोजून घालता येतं. कडुनिंबाचं पान मात्र झाड, ऋतू, सुकवणं, पाण्यात उकळणं की अल्कोहोलमध्ये भिजवणं, यांनुसार बदलतं. त्यामुळे एका ठिकाणचा चांगला निकाल दुसऱ्या शेडमध्ये मिळेलच असं नाही. कडूपणा जास्त झाला तर पक्षी पाणीच कमी पितात आणि वजन घटतं. बाटलीवर पानाचं नाव आणि मुख्य घटकाचं प्रमाण छापलेलं हवं, हा आग्रह शेडवाल्यांनी धरायलाच हवा.

घरचा काढा असेल तर दुहेरी फडक्यातून गाळावा. बारीक चोथा निपलमध्ये (पक्षी ज्यातून पाणी पितात त्या तोटीत) अडकतो, पाइपच्या आत बुळबुळीत थर धरतो आणि त्यातच जंतू वाढतात. अर्क देऊन झाला की लाइन स्वच्छ पाण्याने धुवावी, आणि पाण्यातून लासोटा (राणीखेत रोगावरची लस) द्यायची असेल त्या दिवशी टाकीत लशीसोबत अर्क घालू नये.