त्वचा आणि ताट: आहारातून कांती घडते हे कसे कळत गेले

आहार चांगला असेल तर कांती सुधारते, हे आता सगळेच सांगतात. त्यातला पुराव्याने सिद्ध झालेला भाग कुठून आला हे शोधू लागलो, तर जहाजे, तुरुंग आणि प्रयोगशाळेतले उंदरांचे पिंजरे समोर येतात. सौंदर्यप्रसाधनांच्या इतिहासात त्याचा फारसा पत्ता लागत नाही. अन्नातला एखादा घटक कमी पडला की त्वचा आधी बोलते आणि वैद्यकाने हे नाते तिथूनच ओळखले. या उगमाची आठवण ठेवायला हवी, कारण आपले ज्ञान कमतरतेतून आलेले आहे आणि कमतरता भरून काढण्यापुरतेच ते पक्के आहे. पोट भरलेल्या माणसाने त्याच घटकाचे दहापट सेवन केले तर चेहरा दहापट उजळेल, असे त्यातून कधीच निघाले नव्हते.

सुरुवात स्कर्व्हीपासून, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणाऱ्या रोगापासून करावी लागते. महिनोन्महिने खारवलेले मांस आणि कडक बिस्किटे खाणाऱ्या खलाशांच्या पायांवर केसांच्या मुळाशी रक्ताचे बारीक ठिपके उमटत, केस स्क्रूसारखे पिळले जात, हिरड्या सुजून काळ्या पडत. सर्वांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे भरलेल्या जखमा पुन्हा उघडत. ब्रिटिश नौदल अधिकारी जॉर्ज अँसन यांच्या १७४०-४४ च्या जगप्रदक्षिणेच्या वृत्तांतात अशी नोंद आहे की, पन्नास वर्षांपूर्वी लढाईत झालेली आणि पूर्ण बरी झालेली एका खलाशाची जखम जणू कधी भरलीच नव्हती अशी उकलली. त्वचेचा धागा एकदा विणून संपत नाही, त्याची डागडुजी आयुष्यभर चालू असते, हे या नोंदीतून दिसते. त्या काळी मात्र तसा अर्थ कुणी लावला नाही.

मे १७४७ मध्ये ‘सॅलिस्बरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर तिथले शल्यचिकित्सक जेम्स लिंड यांनी बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या. सर्वांचे मूळ जेवण सारखेच ठेवले. त्यावर एका जोडीला सायडर (सफरचंदाचे सौम्य मद्य), दुसरीला पातळ केलेले गंधकाम्ल, तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचे पाणी, पाचवीला रोज दोन संत्री व एक लिंबू आणि सहाव्या जोडीला लसूण-मोहरी वगैरेंचा लगदा दिला. फळे सहा दिवसांतच संपली, पण तेवढ्यात त्या जोडीतला एक जण कामावर परतण्याइतका सावरला. तरीही ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ साल उजाडले.

उशिराचे एक कारण खुद्द लिंड यांच्याच पाककृतीत होते. रस टिकावा म्हणून त्यांनी तो तासन् तास मंद आचेवर आटवून घट्ट अर्क करायला सांगितले. त्या उष्णतेत आणि नंतरच्या साठवणीत क जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होई आणि बाटलीत आंबट चव तेवढी राही. पुढे एकोणिसाव्या शतकात मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजी लहान हिरव्या लिंबांचा रस आला. त्यात हे जीवनसत्त्व मुळातच बरेच कमी आणि प्रक्रियेत तांब्याच्या नळ्यांशी संपर्क आल्याने उरलेलेही घटे. १८७५-७६ च्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेत हा रस पिऊनही स्कर्व्ही उसळली. आंबटपणा म्हणजे औषध, ही समजूत तिथे महागात पडली. स्वयंपाकघराला या कथेतून मिळणारे नियम आजही तेच आहेत: भाजी चिरून ठेवू नये, आधी धुवावी आणि मग चिरावी, पाणी कमी घालावे, झाकण ठेवून थोडा वेळच शिजवावी, शिजवलेले पाणी फेकू नये आणि आंबट पदार्थ उघड्या तांब्याच्या भांड्यात ठेवू नये.

अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी १९२८ मध्ये वेगळे केलेले आम्ल हेच क जीवनसत्त्व, हे १९३२ पर्यंत सिद्ध झाले आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्वचेत ते नेमके काय करते हेही पुढे कळले. त्वचेला बळकटी देणारे कोलाजेन हे प्रथिन म्हणजे तीन पदरांचा पीळ. त्यातल्या प्रोलिन आणि लायसिन या अमिनो आम्लांवर एक रासायनिक गट जोडला गेला तरच पीळ शरीराच्या तापमानाला टिकतो आणि ती जोडणी करणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) क जीवनसत्त्व लागते. ते नसेल तर पीळ सैल राहतो, पेशीतच मोडतो, केशवाहिन्या फुटतात आणि जखम धरत नाही. जॉन क्रँडन या शल्यचिकित्सकाने १९३९-४० मध्ये स्वतः सुमारे सहा महिने क जीवनसत्त्वरहित आहार घेतला. तीन महिन्यांनी पाठीवर केलेली चीर नीट भरली. सहा महिन्यांनी केलेली मात्र वरून मिटूनही आत जुळली नाही.

यातून प्रमाणाचा अंदाज आला. स्कर्व्ही टाळायला दिवसाला अवघे १० मिलिग्रॅम पुरते. प्रौढांसाठी शिफारस ७५ ते ९० मिलिग्रॅमची आहे. रोज २०० ते ४०० मिलिग्रॅमपर्यंत रक्तातली पातळी जवळपास कमाल होते आणि एकदम एक ग्रॅमहून अधिक घेतल्यास निम्म्याहून कमी शोषले जाते. न शोषलेले शौचावाटे, कधी जुलाब होऊन, जाते आणि शोषलेल्यातले जास्तीचे मूत्रावाटे.

दुसरा धडा मक्याने दिला. १७३५ मध्ये स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल यांनी शेतमजुरांच्या गळ्याभोवती माळेसारखा लाल, खरबरीत पट्टा पाहिला. उन्ह लागेल तिथेच त्वचा भाजल्यासारखी होऊन जाड आणि काळपट होई. १७७१ मध्ये इटलीत त्याला पेलाग्रा, म्हणजे खरबरीत कातडी, हे नाव मिळाले. मका हेच मुख्य अन्न असलेल्यांचा हा रोग. पण ज्या मेक्सिकोतून मका आला तिथे तो फारसा नव्हता, कारण तिथले लोक मका चुनखडीच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवत. त्या अल्कलीमुळे दाण्यात घट्ट बांधलेले नायसिन (ब३ जीवनसत्त्व) मोकळे होते. पेलाग्रा त्याच्याच कमतरतेने होतो. युरोपाने दाणा नेला, कृती नेली नाही.

हा संसर्ग आहे, असेच अनेक डॉक्टर विसाव्या शतकातही मानत. अमेरिकी डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या एका तुरुंगशेतीवर कैद्यांना शिक्षामाफीच्या बदल्यात मका, तांदूळ आणि साखर असा एकसुरी आहार दिला आणि काही महिन्यांत निम्म्या स्वयंसेवकांच्या अंगावर पेलाग्राचा पुरळ उठला. आजच्या नैतिक कसोटीवर तो प्रयोग टिकणार नाही, पण रोगाचे मूळ ताटात आहे हे त्याने दाखवले. नेमका घटक १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेयम यांना सापडला. शरीर सुमारे ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन या प्रथिनातल्या अमिनो आम्लापासून एक मिलिग्रॅम नायसिन बनवते, म्हणूनच चांगले प्रथिन मिळणाऱ्याला हा रोग सहसा होत नाही.

स्निग्ध पदार्थांबद्दल अजूनही बरीच भीती आहे, म्हणून जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर यांचे काम ठळक सांगायला हवे. १९२९ मध्ये त्यांनी उंदरांना पूर्ण चरबीविरहित अन्न दिले. उंदरांच्या शेपटीवर खवले आले, त्वचा कोरडी झाली, ते पाणी जास्त पीत आणि तरीही वाढ खुंटली. कातडीतून पाणी झिरपून जात होते. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात पेशींच्या मध्ये सेरामाइड या स्निग्ध घटकांचा लेप असतो आणि त्यातला महत्त्वाचा प्रकार लिनोलिक आम्लाशिवाय बनत नाही. शरीर हे आम्ल स्वतः तयार करू शकत नाही. रोजच्या उष्मांकांपैकी एक ते दोन टक्के, म्हणजे २००० उष्मांकांच्या आहारात साधारण दोन ते चार ग्रॅम एवढे ते मिळाले की कमतरता टळते. तेल पूर्ण बंद करणाऱ्यांची त्वचा सुरकुतलेली आणि कोंडा सुटलेली दिसते, त्यामागे हे एक कारण असू शकते. शिवाय अ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक कॅरोटीन शोषला जायलाही जेवणात थोडी चरबी लागतेच. बिनतेलाच्या गाजराच्या कोशिंबिरीतून तो फारच कमी मिळतो.

कमतरतेचे ज्ञान बाजारात शिरले तेव्हा गडबड झाली. १९२० च्या दशकात अमेरिकेत मुरुमे जाऊन चेहरा तजेलदार व्हावा म्हणून रोज यीस्टच्या तीन वड्या खा, अशा जाहिराती सर्रास होत्या. बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाचेही तसेच. १९४२ मध्ये चार स्वयंसेवकांना रोज २०० ग्रॅम अंड्याचा सुकवलेला कच्चा पांढरा बलक दिल्यावर तीन-चार आठवड्यांत त्वचेचे बारीक पापुद्रे सुटू लागले, कारण त्या पांढऱ्या बलकातले अ‍ॅव्हिडिन हे प्रथिन बायोटिनला बांधून ठेवते. बायोटिन टोचताच त्वचा सुधारली. अंडे शिजवले की अ‍ॅव्हिडिनचा जोर ओसरतो. रोजची गरज फक्त ३० मायक्रोग्रॅम असताना केस आणि त्वचेच्या गोळ्यांत ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम घातलेले असतात. निरोगी माणसाला त्याचा फायदा दिसलेला नाही, उलट थायरॉइड आणि हृदयाच्या ट्रोपोनिन चाचणीचे निष्कर्ष त्यामुळे चुकू शकतात. रक्त देण्यापूर्वी अशी गोळी घेत असल्याचे डॉक्टरांना जरूर सांगावे.

अ जीवनसत्त्वाचा अतिरेक त्याहून धोक्याचा. १५९७ मध्ये आर्क्टिकमध्ये अडकलेल्या डच खलाशांनी ध्रुवीय अस्वलाचे यकृत खाल्ले आणि त्यांच्या अंगाची साले निघाली. त्या यकृतात हे जीवनसत्त्व प्रचंड असते, हे १९४३ मध्ये मोजून कळले. तयार रूपातील अ जीवनसत्त्वाची प्रौढांसाठी वरची मर्यादा दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम आहे आणि गरोदरपणात ती ओलांडणे गर्भाला घातक ठरू शकते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वापासून बनलेले औषध चालू असताना अ जीवनसत्त्वाची गोळी घेऊच नये. कॅरोटीनचा अतिरेक त्या मानाने निरुपद्रवी असतो: तळहात पिवळे होतात, डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहतो आणि काविळीपासून वेगळेपण तिथेच ओळखू येते.

मुरुमांचा वाद सर्वांत लांबला. १९६९ मध्ये ६५ जणांना चॉकलेटची वडी आणि तुलनेसाठी चॉकलेट नसलेली वडी देऊन फरक नाही असा निष्कर्ष निघाला आणि आहाराचा मुरुमांशी संबंध नाही हे वाक्य पाठ्यपुस्तकांत बसले. पण तुलनेच्या वडीतही साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती. त्या प्रयोगाने कोकोला निर्दोष ठरवले असेल, साखरेला नाही. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. रक्तशर्करा हळू वाढवणारा आहार घेणाऱ्या गटात सरासरी २३.५ पुटकुळ्या कमी झाल्या, दुसऱ्या गटात १२. कारणही जुळते: इन्सुलिन आणि त्याच्यासारखेच वाढ-संप्रेरक चढले की तेलग्रंथी अधिक पाझरतात. पहिल्या गटाचे वजनही उतरले होते, त्यामुळे सगळे श्रेय रक्तशर्करा हळू वाढवण्याला देता येत नाही.

घरी असा बदल करून पाहायचा असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि त्याच खिडकीशी, त्याच वेळी छायाचित्रे काढत बारा आठवडे थांबावे. वरचा थर नवा व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. उपासमारीच्या डाएटनंतर केस गळायला लागतात तेही दोन-तीन महिन्यांनी, म्हणून दोष भलत्याच तेलावर जातो. त्वचेतले निम्मे कोलाजेन बदलायला तर सुमारे १५ वर्षे जातात.