मोटार अपघातातील शारीरिक इजेची नुकसानभरपाई

रस्त्यावरील मोटार अपघातात दुसऱ्याच्या हयगयीमुळे जायबंदी झालेल्या व्यक्तीला कायद्याने मिळणारी रक्कम. भारतात तिचा मुख्य आधार मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा असून दावे मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे चालतात. वाहनचालकावरील फौजदारी खटला वेगळा असतो. तिथे चालक निर्दोष सुटला, तरी भरपाईचा अर्ज आपोआप निकाली निघत नाही. फौजदारी न्यायालयाला गुन्हा संशयातीत सिद्ध झालेला लागतो, प्राधिकरण मात्र कोणाची बाजू अधिक संभवनीय आहे एवढेच पाहते.

पूर्वी अशा भरपाईसाठी दिवाणी दावा लावावा लागे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन स्वतंत्र प्राधिकरणांची तरतूद झाली. १९८२ मध्ये दोष सिद्ध न करताही काही किमान रक्कम मिळण्याची सोय आली. तेव्हा ती मृत्यूसाठी १५,००० आणि कायम अपंगत्वासाठी ७,५०० रुपये होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम १६४ नुसार, चालकाची चूक न दाखवताही गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा छडाच लागला नाही, तर गंभीर जखमीला सरकारी योजनेतून ५०,००० रुपये मिळतात. मोडलेल्या मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे काही महिने घरी बसणे एवढा खर्चही या रकमेत बहुधा भागत नाही. खरी भरपाई मिळते ती कलम १६६ खालच्या अर्जातून. तिथे मात्र चालकाची हयगय दाखवावी लागते.

अर्जात चालक, वाहनमालक आणि विमा कंपनी असे सामनेवाले असतात. त्रयस्थ पक्षाचा (थर्ड पार्टी) विमा सक्तीचा असल्याने पैसे बहुतेक वेळा कंपनीच भरते. चालकाकडे वैध परवाना नव्हता किंवा पॉलिसीची अट मोडली होती, असा कंपनीचा नेहमीचा बचाव असतो. तो सिद्ध झाला तरी ‘आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश अनेकदा दिला जातो. वाहनाचा विमाच नसेल तर सारी भिस्त मालकावर, आणि निवाडा हातात असूनही वसुलीसाठी हेलपाटे घालण्याची पाळी येते.

भरपाईचे दोन भाग पडतात. पहिला भाग पैशात मोजता येणाऱ्या नुकसानीचा. त्यात औषधोपचार, प्रवास, वाढीव आहार, शुश्रूषा, बुडालेली मजुरी आणि पुढची घटलेली कमाई येते. दुसऱ्या भागात वेदना व यातना, जगण्यातल्या आनंदाला मुकणे, विवाहाच्या शक्यतेवरचा परिणाम, घटलेले आयुर्मान अशी शीर्षके येतात. कमरेखाली लुळ्या पडलेल्या एका वकिलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ही विभागणी स्पष्ट मांडली आणि ती आजही निवाड्यांत दिसते. दुसऱ्या भागातल्या रकमांना गणित नाही. सारख्याच इजेसाठी दोन प्राधिकरणे वेगवेगळा आकडा देतात आणि त्यावर युक्तिवाद तरी काय करणार?

दाव्याचा कणा असतो भविष्यातल्या कमाईचा तोटा, आणि बहुतेक दावे तिथेच फसतात. अर्जदार हातात अपंगत्व प्रमाणपत्र घेऊन येतो. त्यावर ‘४५ टक्के’ लिहिलेले असते. हे ४५ टक्के कशाचे, हा पहिला प्रश्न. एका पायाचे ४५ टक्के अपंगत्व म्हणजे अख्ख्या शरीराचे ४५ टक्के नव्हे. ते त्याहून बरेच कमी भरते. त्यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. शरीराची जेवढी हानी झाली तेवढीच कमाईची झाली का? सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिलेला याविषयीचा निकाल प्रत्येक दावा वकिलाच्या तोंडी असतो. डावा हात गमावलेला वाहनचालक किंवा सुतार जवळजवळ पूर्णपणे कामातून जातो. तोच हात गमावलेला सरकारी कारकून कदाचित त्याच खुर्चीवर, त्याच पगारावर राहतो. इजा एकच असूनही कमाईचा तोटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बदलतो. याला कार्यात्मक अपंगत्व म्हणतात. प्राधिकरणाने ठरवायचे असते ते हे. डॉक्टरने ठरवायचे असते ते वैद्यकीय अपंगत्व. याच निकालात न्यायालयाने रुग्णावर उपचार न करता सढळ हाताने प्रमाणपत्रे वाटणाऱ्या डॉक्टरांपासून सावध राहायलाही बजावले. म्हणूनच उपचार करणाऱ्या शल्यविशारदाने साक्षीला येऊन उलटतपासणीला तोंड देणे फार मोलाचे ठरते.

फरक किती पडतो ते उदाहरणाने पाहू. चौतीस वर्षांचा गवंडी, महिना कमाई १८,००० रुपये. खांद्याचे हाड मोडून सांधा आखडला आणि उजवा हात डोक्याच्या वर जात नाही. त्याला प्लास्टर करता येत नाही की परांचीवर चढता येत नाही. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या, चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी ४० टक्के मिळवले जातात. हे प्रमाण नॅशनल इन्शुरन्स कंपनीच्या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१७ मध्ये मृत्यूच्या दाव्यांसाठी ठरवले आणि पुढे ते इजेच्या दाव्यांनाही लागू झाले. महिना २५,२०० म्हणजे वर्षाला ३,०२,४०० रुपये. याला वयानुसार गुणक, म्हणजे वर्षाची कमाई किती पट धरायची तो आकडा, लावायचा. दिल्ली परिवहन महामंडळाविरुद्धच्या २००९ च्या निकालातील तक्त्यात ३१ ते ३५ वयाला १६ हा गुणक आहे (पंचविशीपर्यंत १८, पन्नाशीच्या आसपास १३, पासष्टीनंतर ५). गुणाकार ४८,३८,४०० रुपये. त्याच्या प्रमाणपत्रावर २५ टक्के अपंगत्व लिहिले असेल आणि तेच धरले तर तोटा १२,०९,६०० रुपये होतो. गवंडीकाम सुटले हे पाहून ६० टक्के धरले तर २९,०३,०४०. मधले सुमारे सतरा लाख रुपये त्या गवंड्याचे रोजचे काम नेमके काय होते, हे कोणी नीट सांगितले की नाही यावर अवलंबून असतात. मृत्यूच्या दाव्यात मृताचा वैयक्तिक खर्च वजा करतात, इजेच्या दाव्यात ती वजावट नसते. माणूस जिवंत आहे आणि त्याला खायला-प्यायला लागतेच.

उत्पन्नाचा पुरावा हे दुसरे दुखणे. पगारपत्रक किंवा आयकर विवरणपत्र असेल तर प्रश्न नाही. रोखीने मजुरी घेणाऱ्याकडे यातले काहीच नसते, मग किमान वेतनाचा आधार घेऊन अंदाजी उत्पन्न धरले जाते. गृहिणीच्या कामालाही पैशात मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत मान्य केले आहे. लहान मुलांच्या बाबतीत जुने निवाडे कंजूष असत. २०२० मध्ये बारा वर्षांच्या, पूर्णतः परावलंबी झालेल्या मुलीच्या प्रकरणात न्यायालयाने कुशल कामगाराचे किमान वेतन धरले. शिवाय चोवीस तासांच्या देखभालीला दोन मदतनीस लागणार हे मान्य करून त्यांच्या दरमहा १०,००० रुपयांनाही १८ चा गुणक लावला. केवळ मदतनिसांपोटी २१,६०,००० रुपये झाले. घरची माणसे फुकट करतातच की, हा युक्तिवाद असे निकाल दाखवून खोडता येतो.

औषधोपचाराच्या बिलांत वाद कमी असतो. स्वतःच्या मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम भरपाईतून वजा करायची का, यावर मात्र मतभेद होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ती वजा होणार नाही असा निर्णय दिला. हप्ते भरले जखमीने, त्याचा लाभ धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीला कशाला? पुढच्या उपचारांची गोष्ट वेगळी. भरपाई एकदाच ठरते. दोन वर्षांनी हाडात बसवलेली सळई काढायची आहे किंवा कृत्रिम पाय दर काही वर्षांनी बदलावा लागणार आहे, हे निवाड्याआधीच अंदाजपत्रकासह मांडावे लागते. नंतर पुन्हा मागता येत नाही. उलट, पुराव्यात बसत असेल तर प्राधिकरण अर्जात मागितल्यापेक्षा जास्त रक्कमही देऊ शकते.

जखमीचाही दोष असेल तर त्या प्रमाणात रक्कम कापली जाते. दोन वाहनांच्या धडकेत सापडलेल्या निर्दोष प्रवाशाला मात्र दोन्हींपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागता येते. चालकांचा हिशेब त्यांनी आपापसात करावा.

अर्ज अपघाताच्या ठिकाणी, अर्जदार राहतो वा व्यवसाय करतो तिथे, किंवा सामनेवाला राहतो तिथे करता येतो. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, इजा प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, बिले आणि वाहनाची विमा पॉलिसी ही नेहमीची कागदपत्रे. पोलिसांनी पाठवलेला अपघात अहवालही अर्ज म्हणून धरता येतो. १९९४ साली काढून टाकलेली, अर्ज करण्याची सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा लागू झाली आणि तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ही मुदत जाचकच आहे. लोकअदालतीत तडजोड केली तर पैसे लवकर हाती येतात, पण त्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून अपंगत्व स्थिर होण्याआधी सही करणे महागात पडू शकते. एरवी निवाड्याविरुद्ध ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, मात्र वादातील रक्कम एक लाखाहून कमी असेल तर नाही.

मंजूर रकमेवर साधारणतः अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळते आणि ते बहुधा ६ ते ९ टक्के असते. सगळी रक्कम एकदम हातात दिली जातेच असे नाही. अल्पवयीन मुले आणि निरक्षर अर्जदार यांच्या बाबतीत मोठा हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवण्याचा आदेश होतो, आणि त्यावरचे व्याज ठरावीक काळाने अर्जदाराच्या किंवा मुलाच्या पालकाच्या खात्यात जमा होते.