कासाराच्या दांडीवरच्या बांगड्या आल्या कुठून?

बाजारात कासारापुढे हात करून बसलं की वाटतं हे सगळं आजी-पणजीपासून जसंच्या तसं चालत आलंय. पण खरंतर दांडीवरचा माल सारखा बदलत गेलाय, जुनी राहिलीये ती बांगडी भरायची कला, आणि माझ्या मते कौतुक करायचं तर आधी तिचं करावं.

हौस मात्र फारच जुनी! मोहेंजोदडोला १९२६ साली सापडलेली ब्राँझची नर्तकी घ्या, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची, तिचा अख्खा डावा हात बांगड्यांनी भरलाय. त्या काळात शंख कापून पण बांगड्या करायचे, गुजरातच्या किनाऱ्यावर नागेश्वरला त्या कामाच्या खुणा ढिगाने मिळाल्यात. काचेचं म्हणाल तर आपल्याकडे नेवासे आणि कोल्हापूरची ब्रह्मपुरी इथल्या उत्खननात बहामनी काळातल्या रंगीबेरंगी बांगड्यांचे तुकडे निघालेत.

विकणारे म्हणजे कासार, आणि मुसलमानांमध्ये मणियार. सण आला, लग्न ठरलं की कासार घरी यायचा, लग्नघरात नवरीबरोबर सगळ्या बायकांचे हात भरायचा आणि भरून झालं की बायका त्याला नमस्कार करायच्या, बऱ्याच ठिकाणी अजूनही करतात.

मोठा बदल झाला इंग्रजांच्या काळात. तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात असलेल्या बोहेमियातून काचेच्या बांगड्या इकडे यायला लागल्या, म्हणजे आपल्या बायकांच्या हातातला चुडा चक्क युरोपात बनत होता. पहिल्या महायुद्धात तो माल थांबला, पुढे जपानी माल आला, आणि याच सगळ्या धामधुमीत उत्तर प्रदेशातलं फिरोजाबाद वर आलं. आज बाजारातली काचेची बांगडी बहुतेक तिथलीच.

तिथे भट्टीतून वितळलेल्या काचेची तार ओढून फिरत्या रुळावर गुंडाळतात, स्प्रिंगसारखं वेटोळं तयार होतं, ते कापलं की तोंड उघडी असलेली कडी सुटी होतात. मग एकेका कड्याची टोकं ज्योतीवर धरून जोडायची. हे जोडकाम बरंचसं घराघरात चालतं, बायका करतात, लहान मुलंही त्यात राबलीत, आणि डझनाचा भाव करताना आपल्याला हे आठवायला हवं असं मला मनापासून वाटतं. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ताजमहालाच्या आसपासच्या कारखान्यांना कोळसा सोडायला लावला, त्यात फिरोजाबादही आलं आणि भट्ट्या गॅसवर जायला लागल्या.

आता मापाचं. बांगडीचं २.४ म्हणजे दशांश नाही बरं का, दोन इंच आणि वर चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच, तसंच २.८ म्हणजे अडीच. रुपयाचे सोळा आणे तसे इंचाचे सोळा भाग, जुना हिशोब अजून चालू आहे. पण मुरलेला कासार मापपट्टी घेतच नाही, हात नुसता दाबून बघतो, अंगठा तळव्यात वळवतो, बोटांची हाडं जवळ आणतो आणि आपण बोलत असतानाच बांगडी मनगटावर गेलेली असते, काच असून तडकत नाही.

हल्ली मेटलच्या, प्लास्टिकच्या बांगड्या बॉक्समधून मिळतात, आपल्या आपण चढवता येतात, त्यामुळे पुष्कळ गाड्यांवर नुसती विक्री होते, हात भरून देणारं कुणी बसत नाही.