एलईडी स्ट्रिपची किरकिर स्पीकरमध्ये येते कुठून? नॉइजमागची जुनी गोष्ट

एलईडी स्ट्रिप आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर एकाच अ‍ॅडॉप्टरवर चालवला की स्पीकरमधून बारीक किरकिर ऐकू येते, ब्राइटनेस फुल केला की गायब, निम्म्यावर आणला की परत सुरू. बहुतेकांचा पहिला संशय अ‍ॅम्प्लिफायरवर जातो, नाहीतर शिल्डेड वायर आणली जाते, आणि तरीही फरक पडत नाही. कारण दोष बहुतेक वेळा ग्राउंडच्या, म्हणजे करंट परत जाण्याच्या, वायरमध्ये असतो, आणि हा दोष एलईडीच्या कितीतरी आधीचा आहे.

सुरुवात तारयंत्रापासून करावी लागते. 1838 मध्ये श्टाइनहाइल या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की करंट परत यायला दुसरी तार लागत नाही, जमीनच ते काम करते. अर्धी तार वाचली, मग सगळीकडे तेच सुरू झालं. 1876 मध्ये टेलिफोन आला तोही याच एकतारी लाइनवर. पण तारयंत्रात नुसती टिकटिक ओळखायची असते, टेलिफोनला माणसाचा कान लावलेला असतो आणि कानाला सगळंच ऐकू येतं. त्यात 1888 मध्ये अमेरिकेत रिचमंडला फ्रँक स्प्रेगची विजेवरची ट्राम धावायला लागली, मग अशा ट्राम शहराशहरांत पसरल्या, त्यांचा करंट रुळांतून परत जायचा आणि थोडा जमिनीत झिरपायचा, म्हणजे टेलिफोन ज्या वाटेने परत येत होता त्याच वाटेवर ट्रामचे मोठे करंट येऊन बसले आणि फोनमध्ये नुसती घरघर. उपाय एकच होता, प्रत्येक लाइनला स्वतःची परतीची तार द्यायची. दोन तारा एकमेकींभोवती पिळून घ्यायच्या, म्हणजे बाहेरची गडबड दोन्हींत सारखीच शिरते आणि फरक घेतला की निघून जाते, याचं पेटंट ग्रॅहॅम बेलने 1881 मध्येच घेतलेलं होतं. माझ्या मते हॉबी सर्किटमधली निम्मी दुखणी एवढ्या एका गोष्टीत समजतात.

पुढे रेडिओ. सुरुवातीचे सेट बॅटरीवर चालायचे त्यामुळे शांत होते, 1920 च्या दशकाच्या शेवटी ते मेन्सवर, म्हणजे घरातल्या विजेवर आले आणि सोबत हम, म्हणजे सततची गुणगुण आली. 50 हर्ट्झचा सप्लाय एसीचं डीसी करणाऱ्या फुल वेव्ह रेक्टिफायरमधून गेला की 100 हर्ट्झची लहर उरते, ती दाबायला चोक (तारेची कॉइल) आणि मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आले, व्हॉल्व्हच्या हीटरच्या वायरी पिळून चेसिसच्या कडेने न्यायची पद्धत आली. याच काळात अजून एक गोष्ट झाली, तिच्याकडे हॉबीवाले फारसं बघत नाहीत. शॉटकीने 1918 मध्ये आणि जॉन्सन, नायक्विस्ट यांनी 1928 मध्ये दाखवलं की काही नॉइज करंटच्या आणि तापमानाच्या स्वभावातच असतो. म्हणजे स्पीकरमधली सौम्य खसखस काही केल्या पूर्ण जाणार नाही, पण हम आणि किरकिर बाहेरून आलेली असते आणि ती घालवता येते. नॉइज शोधायला बसताना आधी हे वेगळं करा, नाहीतर चुकीच्या जागी तासन्‌तास जातात.

मग डिमर. 1957 मध्ये थायरिस्टर हा इलेक्ट्रॉनिक स्विच आला, त्यावरचे दिव्यांचे डिमर प्रत्येक अर्ध्या सायकलचा तुकडा कापायला लागले, आणि नॉइजचा स्वभाव बदलला. आधी गुळगुळीत गुणगुण होती, आता सेकंदाला 100 वेळा तीक्ष्ण झटका, ज्यात वरच्या फ्रिक्वेन्सी भरपूर. असा आवाज कानाला जास्त टोचतो.

हॉबीच्या टेबलावर तो झटका 555 या चिपने आणला. हान्स कामेनझिंडचा हा टायमर 1972 मध्ये सिग्नेटिक्सने बाजारात आणला. आउटपुट पालटताना त्याचे वरचे आणि खालचे ट्रान्झिस्टर क्षणभर दोन्ही चालू राहतात आणि सप्लायमधून करंटचा मोठा झटका खेचला जातो, जवळच्या ऑडिओ स्टेजला तो टकटक म्हणून ऐकू जातो. आयसीच्या पायांपाशी 0.1 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावायचा तो यासाठीच. आणि पायांपाशी म्हणजे खरंच पायांपाशी, वायरचा प्रत्येक मिलिमीटर साधारण 1 नॅनोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या झटपट बदलाला होणारा विरोध, वाढवतो, त्यामुळे 5 सेंटिमीटर लांब लावलेला कपॅसिटर वेगवान झटक्याला जवळपास उपयोगाचा नाही.

आता आजची किरकिर. 1962 मध्ये होलोन्याकने लाल एलईडी दाखवला, 1990 च्या दशकात चमकदार निळा आणि त्यावरून पांढरा आला, 2005 मध्ये अर्डुइनो हा सहज प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड आला आणि पीडब्ल्यूएमने, म्हणजे सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून, ब्राइटनेस कमी-जास्त करणं कुणालाही जमायला लागलं. पण त्याची नेहमीची फ्रिक्वेन्सी साधारण 490 हर्ट्झ, म्हणजे कानाच्या अगदी मधोमध. समजा स्ट्रिप 2 अँपिअर घेते आणि तिची ग्राउंड वायर अ‍ॅम्प्लिफायरसोबत कॉमन आहे, त्या वायरचा रेझिस्टन्स फक्त 0.05 ओहम. तरी 100 मिलिव्होल्टची चौकोनी लहर तयार झाली. घरगुती ऑडिओचा लाइन सिग्नल साधारण 316 मिलिव्होल्टचा असतो, म्हणजे नॉइज सिग्नलच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, आणि अ‍ॅम्प्लिफायर दोघांनाही सारखंच वाढवतो. फुल ब्राइटनेसला चालू-बंद होणंच थांबतं म्हणून तिथे शांतता.

त्यामुळे आधी वायरिंग: अ‍ॅडॉप्टरच्या टर्मिनलपासून स्ट्रिपची ग्राउंड वेगळी, अ‍ॅम्प्लिफायरची वेगळी, दोघी त्या एकाच जागी भेटतील. स्ट्रिपच्या सुरुवातीला 1000 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. एवढं करूनही किरकिर राहिली तर पीडब्ल्यूएम 20 किलोहर्ट्झच्या वर, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या भागात न्या, अर्डुइनो ऊनो बोर्डच्या 9 आणि 10 नंबरच्या पिनवर टायमरची सेटिंग बदलून साधारण 31 किलोहर्ट्झ मिळतात. डब्ल्यूएस2812 सारख्या अ‍ॅड्रेसेबल, म्हणजे प्रत्येक एलईडी वेगळा चालवता येणाऱ्या, स्ट्रिपमध्ये मात्र पीडब्ल्यूएम प्रत्येक एलईडीच्या आतल्या चिपमध्येच होतं, ते बाहेरून बदलता येत नाही, तिथे सगळी भिस्त वायरिंग आणि कपॅसिटरवर. आणि फ्रिक्वेन्सी वाढवली की स्ट्रिप चालू-बंद करणारा मॉसफेट (ट्रान्झिस्टर) जास्त वेळा पालटतो, तो हाताला किती गरम लागतो ते बघा, जवळ एएम रेडिओ असेल तर त्यात खरखर वाढली का तेही ऐका, वाढली असेल तर मॉसफेटच्या गेटला, म्हणजे त्याच्या कंट्रोलच्या पायाला, थोडा रेझिस्टर टाकून कडा जरा मंद करा.