गाडी चढावरच मिसिंग का करते?

जुनी कार सपाट रस्त्यावर बिनतक्रार पळते आणि चढ लागला की आचके देते. जागेवर उभी असताना इंजिनाचा आवाज एकसुरी, पण ॲक्सिलरेटर दाबला की मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेटत नाही. संशय आधी पेट्रोलवर जातो, मग कार्ब्युरेटरवर. दोष मात्र बऱ्याचदा स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी टाकून पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटवणारा भाग) आणि त्यांच्या वायरींमध्ये निघतो.

बॅटरी 12 व्होल्टची, ठिणगीला मात्र हजारो व्होल्ट लागतात. ते तयार करते इग्निशन कॉइल. इग्निशन कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यातला प्रवाह एकदम तोडला की त्यातलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि हजारो वेढ्यांच्या दुसऱ्या वेटोळ्यात व्होल्टेज झपाट्याने चढू लागतं. मायकेल फॅरडेने 1831 मध्ये दाखवलेलं हे विद्युतचुंबकीय प्रवर्तन. गंमत अशी, की 30 हजार व्होल्ट देऊ शकणारी कॉइल दर वेळी तेवढे देत नाही. प्लगच्या दोन टोकांमधला वायू ज्या क्षणी वीज वाहू देतो, त्या क्षणी व्होल्टेज चढायचं थांबतं. किती व्होल्ट लागणार हे ठरवते ती प्लगमधली फट, म्हणजे गॅप.

मोकळ्या हवेत एक मिलिमीटर गॅपला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलेलं असतं. रेणू दाटीने असल्यामुळे इलेक्ट्रॉन पुरेसा वेग घेण्याआधीच कशावर तरी आदळतो, म्हणून तिथे मागणी 10 हजारांच्या पुढे जाऊ शकते. उभ्या गाडीत थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) जवळजवळ बंद, त्यामुळे सिलिंडरमध्ये मिश्रण कमी आणि दाबही कमी. चढावर थ्रॉटल सताड उघडतो, दाब वाढतो आणि ठिणगी महाग होते.

त्यात प्लग जुना असेल तर मागणी आणखी चढते. इंजिन मिनिटाला 3,000 फेरे फिरत असताना प्रत्येक प्लग सेकंदाला 25 ठिणग्या टाकतो आणि प्रत्येक ठिणगी धातूचा अगदी सूक्ष्म कण घेऊन जाते. गॅप रुंदावतो. शिवाय इलेक्ट्रोडची धारदार कड गोल होते. विद्युत क्षेत्र टोकदार कडेशी एकवटतं, तेव्हा कड गेली की उडी मारणं अवघड.

वाढलेलं व्होल्टेज सगळ्यात आधी वायरींना भोगावं लागतं. इंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन तडकलेलं रबर नव्या प्लगचे व्होल्ट कसेबसे अडवतं, झिजलेल्या प्लगचे नाही. मग करंट गॅपऐवजी जवळच्या लोखंडावर उडी मारतो. दमट हवेत, अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिन पाहिलं तर वायरींवर निळसर ठिणग्या दिसू शकतात (बघायचं लांबूनच, हात न लावता). म्हणूनच जुन्या गाडीत नुसते प्लग किंवा नुसत्या वायरी बदलण्याची काटकसर मला पटत नाही.

वायरीच्या आतही लक्ष द्यावं असं काही आहे. हाइनरिश हर्ट्झने 1887 मध्ये रेडिओ लहरी निर्माण केल्या त्या ठिणगीतूनच, त्यामुळे प्रत्येक प्लग हा एक छोटा ट्रान्समीटर असतो. रेडिओतली खरखर दाबायला बहुतेक वायरींमध्ये तांब्याऐवजी कार्बनयुक्त धाग्याचा गाभा घालतात. त्याचा रोध काही हजार ओहम असतो. वायर धरून ओढली तर हा गाभा आतल्या आत तुटतो आणि बाहेरून काही कळत नाही. धरायची ती रबरी टोपी, आणि थोडी पिळून मगच ओढायची.

प्लग इंजिन थंड असतानाच काढावा. ॲल्युमिनियमचं हेड गरम असताना जोर केला तर आटे जातात, आणि ते काम प्लगच्या कितीतरी पट महागात पडतं. आधी भोवतालची धूळ फुंकून घ्यावी. वायरी एकेक करूनच बदलाव्यात, नाहीतर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, चुकते. नव्या प्लगचा गॅपही फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) तपासावा आणि पहिले आटे बोटांनीच बसवावेत. हीट रेंज, म्हणजे प्लग उष्णता किती लवकर बाहेर सोडतो ते, मात्र गाडीच्या पुस्तिकेत असेल तीच ठेवावी. प्लगचं टोक साधारण 450 अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तर काजळी जळून जाते, पण फारच तापलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटतं.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवावेत. फिकट तपकिरी टोक म्हणजे ज्वलन ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरंफटक टोक असेल तर तिथे उष्णता जास्त. आणि एकच प्लग तेलाने ओला निघाला तर त्या सिलिंडरच्या पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचं सील तपासायला हवं, कारण तिथे बसवलेला नवा प्लगही असाच तेलकट होईल.