शेतसंरक्षणाची बंदूक आणि रानडुक्कर

कोकणातल्या वाड्यावाड्यांत एक समज पक्का बसलाय: शेतसंरक्षणाचा परवाना असला की रानडुक्कर मारता येतं. येत नाही. तो परवाना शस्त्र कायदा, 1959 खालचा, बंदूक बाळगण्याचा. डुकराला संरक्षण आहे वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 चं. उभं पीक नासवणारं डुक्कर मारायलाही कलम 11 खाली वनखात्याची परवानगी हवी. आणि परवानगीने मारलं तरी मटणाचे वाटे घालायचे नाहीत, मेलेलं जनावर सरकारची मालमत्ता. (इथे बऱ्याच जणांचा उत्साह ओसरतो.) फासकी आणि गावठी बॉम्ब तर सरळ गुन्हा, शिवाय त्यात शेजाऱ्याची गाय सापडली की गुरांच्या डॉक्टरचा खर्च फासकी लावणाऱ्याच्या बोकांडी. डुकराने केलेल्या पिकाच्या नुकसानीचा पंचनामा मात्र लगेच करून घ्या, शासनाची भरपाई आहे.